चूळ भरून ये

पंचवीस वर्षं मी सरकारी दवाखान्यांत नर्स आहे. किडे पडलेली जखम, सडलेलं बोट, चार दिवस अंथरुणातच सगळं उरकलेला म्हातारा, हे मी या हातांनी साफ केलं आहे आणि हात धुऊन लगेच डबा खाल्ला आहे. नव्या पोरी नाकाला रुमाल लावतात, त्यांना मी म्हणते, हे शरीर आहे, याची कसली किळस? खरी किळस मला आली ती शाळेत असताना, मॅट्रिकच्या वर्षी. ती कशाची यावी आणि आल्यावर काय करावं, हे म्हस्के सरांनी शिकवलं.

आमचं गाव तेव्हा मलकापूर तालुक्यात होतं. नाव लिहीत नाही. या गोष्टीतली बरीच माणसं अजून आहेत आणि लग्नाकार्यात भेटतात. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. गावात एका संस्थेचं हायस्कूल होतं आणि त्या संस्थेचे अध्यक्ष माझे सख्खे काका होते. आम्ही माळी. आमच्या मळ्यातली वांगी आणि मिरची नांदुऱ्याच्या बाजारात जायची, आणि गावात नानांचा, म्हणजे काकांचा, शब्द चालायचा. मॅट्रिकच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो. मी, आणि कौसल्या तायडे. कौसल्या बौद्धवाड्यातली. त्या वस्तीतून मॅट्रिकपर्यंत पोचलेली पहिली मुलगी.

म्हस्के सर चिखलीकडचे. उंच, वाळके, उन्हाळ्यातही काळा कोट. त्यांची डावी नाकपुडी कायम जराशी वर उचललेली असायची, जणू जवळपास काहीतरी कुजलं आहे आणि ते कुठं आहे हे त्यांना अजून सापडलेलं नाही. पोट नाजूक होतं. खिशात ओव्याची पुडी, आणि पाणी प्यायचे ते घरून उकळून आणलेलं, शिक्षकांच्या खोलीत ठेवलेल्या स्वतःच्या तांब्यातलं. ते नागरिकशास्त्र शिकवायचे. हा विषय तोवर आम्हांला झोपेचा वाटायचा. आधीचे गुरुजी हक्क आणि कर्तव्यं यांची प्रश्नोत्तरं उतरवून देत आणि आम्ही ती घोकत असू.

सरांनी पहिल्याच दिवशी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, "हक्क कळला का नाही, हे तुम्ही काय करता त्यावरून कळेल. तोंडानं बोललात तर मी फक्त वास घेईन."

वास घेणं म्हणजे काय ते आठवड्याभरात कळलं. निबंधात किंवा उत्तरात एखादा गुळगुळीत शब्द आला की सर हात वर करत. "थांब. चूळ भरून ये." मग त्या मुलानं उठायचं, व्हरांड्यातल्या रांजणापाशी जायचं, चूळ भरायची, परत यायचं आणि तेच वाक्य त्या शब्दाशिवाय म्हणायचं. थोर, पवित्र, दयाळू, अडाणी, नशीब, हे सगळे चूळ भरायचे शब्द. एकेका तासाला चार-चार मुलं व्हरांड्यात असत.

किराणा दुकानदाराचा सुधाकर वर्गात पहिला यायचा. ग्रामसुधारणेवरच्या निबंधात त्यानं लिहिलं, "बिचाऱ्या हरिजन बांधवांचा उद्धार करणे हे आपले पवित्र कर्तव्य आहे." आणि ते त्यानं वर्गात आवाज लावून वाचलं.

सरांची नाकपुडी हलली. "एका वाक्यात पाच वेळा ओकलास. कौसल्या मागं बसली आहे. तिला विचारलंस, तिला उद्धार पाहिजे का म्हणून?"

"नाही सर."

"मग विचार. काय पाहिजे ते विचार तिला."

सुधाकर लाल झाला. मागं वळून पुटपुटला, "काय पाहिजे वं तुले?"

"मले माही भूमितीची वही पाहिजे," कौसल्या म्हणाली. "तुह्यापाशीच हाय. आठ दिवस झाले."

वर्ग फुटला. सर हसले नाहीत. ते कधीच हसत नसत. "वही दे तिची. आणि मग चूळ भर. पाच वेळा."

दुसरी त्यांची खोड म्हणजे आम्हांला कचेऱ्यांत पाठवणं. ग्रामसभेत काय ठरलं ते गावातल्या कोणालाही वाचता येतं, असं एकदा त्यांनी सांगितलं आणि आम्हां पाच जणांना ग्रामपंचायतीत ते वाचायला धाडलं. आज किल्ली नाही, उद्या सरपंच नाहीत, परवा वही बांधायला गेली आहे. आम्ही दर वेळी हात हलवत परत यायचो. सर विचारायचे, "कितवी खेप?" सातवी. "बरं. आठवीला जा." अकराव्या खेपेला पंचायतीच्या शिपायानं वैतागून वही समोर आपटली, "घ्या बे पोट्टेहो, वाचा, अन् पिच्छा सोडा." वहीत पाहिलं तर वर्षभरात ग्रामसभा झालीच नव्हती. झाली म्हणून दाखवलेल्या सभेला हजर म्हणून आमच्याच वर्गातल्या एकाच्या मेलेल्या आजोबांचा अंगठा होता. सरांनी ते ऐकलं, ओव्याची चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाले, "पुढचा धडा." त्यांचं शिकवणं असं होतं. चीड आली की ते आम्हांला ती भाषणात खर्चू देत नसत.

आता मुख्य गोष्ट.

पावसाळ्यातला दिवस. मुलींच्या शिक्षणावर उत्तर सांगताना कौसल्या म्हणाली, "मुलींची शाळा सुटते हे त्यांचे नशीब." सर म्हणाले, "नशीब? चूळ भरून ये." ती गेली. दुसऱ्याचं उत्तर झालं, तिसऱ्याचं झालं, तास संपत आला, कौसल्या नाही. घंटेच्या आधी जरा ती दारात आली. सर चिडले की त्यांची पुस्तकी भाषा गळून पडायची.

"कोठी गेल्ती वं?"

"चूळ भराले, सर."

"चूळ भराले अर्धा तास?"

"किसनभाऊ नोयता."

किसन म्हणजे शाळेचा शिपाई. सरांना कळेना. "मंग? रांजणाले काय कुलूप लावते किसन?"

कौसल्यानं आमच्याकडं पाहिलं, मग सरांकडं. तिला वाटलं असावं, सर मुद्दाम विचारून राहिले. "मी ओगराळ्याले हात नाही लावत सर. किसनभाऊ वरून ओततो, मी खाली पायरीवर ओंजळ धरतो. तो नसला का थांबा लागते."

आम्हां सगळ्यांना हे माहीत होतं. रांजणात लांब दांड्याचं ओगराळं असायचं. आम्ही ते बुडवून पाणी घ्यायचो. बौद्धवाड्यातली सात मुलं पायरीखाली उभी राहायची आणि किसन त्यांच्या ओंजळीत धार सोडायचा. शाळेची घंटा होती, फळा होता, तशी ही पद्धत होती. सरांना दीड वर्ष शाळेत होऊन ती दिसली नव्हती, कारण ते त्या रांजणाचं पाणीच पीत नसत. आणि त्या दीड वर्षात कौसल्याला आणि इतर दोघा-तिघांना त्यांनी कितीतरी वेळा चूळ भरायला पाठवलं होतं.

ते बाहेर गेले. खिडकीतून आम्हांला दिसत होते. रांजणापाशी उभे राहून त्यांनी चूळ भरली. मग आणखी एक. मग आणखी एक. परत आले तेव्हा सदऱ्याचा गळा ओला होता.

"हे कोणाकोणाला माहीत होतं?"

त्यांची नजर माझ्यावर थांबली.

"विमल?"

"मला होतं सर."

"केव्हापासून?"

"पाचवीपासून."

"हक्कांच्या धड्यावर मी तुला किती मार्क दिले?"

"वीसपैकी अठरा."

"आण ती वही." त्यांनी सगळ्या वर्गाच्या वह्या मागवल्या आणि एकेक उत्तर लाल शाईनं कापलं. कौसल्याची वही तेवढी न कापता तिला परत दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, शेजारी एक कोरी वही ठेवली. "जो पाण्याला जाईल त्याची जायची वेळ आणि यायची वेळ लिहायची. बाकी काही लिहायचं नाही. कोणाला वाईट वाटलं तर ते घरी जाऊन वाटून घ्यावं." पंधरा दिवस आम्ही लिहिलं. आम्ही जाऊन यायचो तोवर सरांचा फळा पुसून व्हायचा नाही. कौसल्याला एकदा अख्खी मधली सुट्टी लागली, आणि एका दिवशी पाणी मिळालंच नाही, कारण किसन मुख्याध्यापकांच्या घरचं दळण आणायला गेला होता.

ती वही आणि एका पानाचा अर्ज आम्ही मुख्याध्यापकांना दिला. मुख्याध्यापक घाबरट होते. त्यांनी तो तसाच नानांकडं पोचवला. मला वाटलं, नाना भडकतील. पण नाना पुढारी होते. त्यांनी वही चाळली, मान डोलावली आणि जाहीर केलं की झेंडावंदनाच्या दिवशी रांजण सर्वांना खुला होईल आणि ते स्वतः कौसल्याच्या हातचं पाणी पितील.

खामगावहून फोटोवाला आणला. जिल्हा परिषदेचे एक साहेब आले. नानांनी भाषण केलं. त्यात आमच्या वर्गाचे चूळ भरायचे सगळे शब्द होते आणि शिवाय काही नवे. कौसल्यानं ओगराळं बुडवलं, नानांनी ओंजळ धरली, पाणी प्यायले, फोटो निघाला, टाळ्या वाजल्या. सर मागं कडुलिंबाखाली उभे होते. टाळी वाजवत नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर मी सतरंजी ठेवायला सामानाच्या खोलीकडं गेले. खोलीच्या मागं नाना होते. किसन त्यांच्या हातावर आमच्या घरच्या तांब्यातलं पाणी ओतत होता आणि नाना चुळा भरत होते. एक, दोन, तीन. मग त्यांनी तर्जनी तोंडात घातली आणि जीभ खरवडली, अगदी मागपर्यंत, ओकारी येईतो. बोट धोतराला पुसलं आणि पुन्हा एक चूळ. मी पुढं आयुष्यभर माणसांच्या शरीरातून निघणारं सगळं पाहिलं. त्या बोटाइतकं ओंगळ काही पाहिलं नाही.

संध्याकाळी जेवताना मी विचारलं, "नाना, तुमी चूळ काऊन भरली?"

"तंबाखू होती तोंडात."

"फोटोच्या वक्ती नोयती."

काकू वाढता वाढता थांबली. नाना म्हणाले, "तू पोरगी हायेस का पोलीस? जेव गुमान."

मी जेवले. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं.

आम्ही जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहायचं ठरवलं. सुधाकरनं मसुदा केला आणि सरांना दाखवला. सरांनी त्यातून ढोंगी, निंदनीय आणि काळिमा हे तीन शब्द काढले. "ढोंग आहे का नाही, ते वाचणारा ठरवील. तुम्ही तांब्या कोणी आणला, कोणाच्या घरचा होता आणि चुळा किती भरल्या एवढंच लिहा. आणि पाहिलं कोणी?" मी हात वर केला. "मग पहिली सही तुझी. सही करताना काका आठवले तर करू नकोस. नंतर आठवून उपयोग नाही." मी सही केली.

शिक्षणाधिकाऱ्यांनी संस्थेकडं खुलासा मागितला. आईनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. नाना मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांना घरात आवाज चढवायची गरज नसायची. त्यांचा हात दुसरीकडं पोचायचा. किसननं, रांजण बाटला, मी भरणार नाही, असं सांगून टाकलं. तेव्हा शाळेच्या विहिरीवरून पाणी आणायचं काम विद्यार्थ्यांनी घेतलं. ओगराळं आता सगळ्यांच्या हातात होतं. तेवढं नानांना सभेत जाहीर बोलल्यामुळं मागं घेता येत नव्हतं. मागं घ्यायची संधी मात्र ते शोधत होते.

मग परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली. प्रत्येक फॉर्मला मुख्याध्यापकांचा वर्तणुकीचा दाखला लागायचा. सगळ्यांना मिळाला, कौसल्याला नाही. तिचं वर्तन विचाराधीन आहे, असं सांगण्यात आलं. पत्रावर सह्या एकोणीस होत्या, विचाराधीन ती एकटी. तिच्या बापानं तिला आधीच सांगितलं होतं, यंदा मॅट्रिकला बसली तर बसली, नाहीतर उन्हाळ्यात लग्न. स्थळ पाहून ठेवलेलं होतं. ती हे रडत सांगत नव्हती. वेळापत्रक सांगावं तसं सांगत होती, आणि फॉर्मची मुदत चार दिवसांवर होती.

सर नानांना भेटायला गेले. आमच्याच घरी. मी आतल्या खोलीत मिरच्या निवडत होते.

"फॉर्म आजच्या आज जाईल," नाना म्हणाले. "तुमी लेखी माफी लिहून द्या. मी ते पोट्ट्यायसमोर वाचीन."

मला वाटलं, आता सर उठतील. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज येईल. आवाज आला तो सरांच्या गळ्यातून, ढेकरासारखा. मग ते म्हणाले, "आधी फॉर्म. पोस्टाची पावती माझ्या हातात. मग माफी."

मी ते वर्गात सांगितलं आणि आमच्या वर्गाचं तोंड कडू झालं. सुधाकर म्हणाला, "आता चूळ भराची पाळी सराची." कौसल्या सर्वांत जास्त भडकली. "माह्या नावावर कोणी माफी मांगून राह्यलं, हे मले चालत नाही," म्हणाली. दोन दिवस ती सरांच्या तासाला खाली मान घालून बसली. सरांना तिनं विचारलं नाही, सरांनी तिला सांगितलं नाही. मीही त्यांच्याकडं पाहताना तोंड वाकडं करत होते. खोटं कशाला लिहू? मला त्यांची किळस आली होती.

शनिवारी सकाळी प्रार्थनेनंतर नाना पायरीवर उभे राहिले. बाजूला रांजण, मागं मुख्याध्यापक, खाली रांगा. म्हस्के सर शिक्षकांच्या ओळीत शेवटी. नानांनी घसा खाकरून कागद उघडला.

"विद्यार्थ्यांना शाळेबाहेर पत्र पाठवू दिले, याबद्दल मी माफी मागतो. त्या पत्रावर मुलींच्या सह्या घेऊ दिल्या, याबद्दल मी माफी मागतो. अध्यक्षांच्या खासगी कृतीचा उल्लेख पत्रातून गाळला नाही, याबद्दल मी माफी मागतो. झेंडावंदनाच्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही, याबद्दलही मी माफी मागतो."

नानांना तो कागद इतका गोड लागला की त्यांनी तो दुसऱ्यांदा वाचला. चौथ्या माफीला काही शिक्षक हसले. सर समोर बघत होते.

वाचन संपलं आणि कौसल्या रांगेतून बाहेर पडली. सरळ पायरी चढली आणि रांजणापाशी गेली.

"ए पोरी, कोठी चालली?"

"पानी प्याले."

"आता वाचलं ते ऐकलं नाही का तू?"

"ऐकलं ना. दोनदा ऐकलं. चार माफ्या हायेत. रांजणाची एकबी नाही."

तिनं झाकण काढलं, ओगराळं बुडवलं, बाहेर काढलं आणि सावकाश प्यायली. नाना कागद उलटून पाहत होते. मागची बाजू कोरी होती. मुख्याध्यापकही वाकून वाचू लागले. आता रांजणाबद्दल काही म्हणायचं तर पाचवी माफी लिहून घ्यावी लागणार, आणि त्यासाठी हातात काही उरलं नव्हतं. फॉर्म पोस्टात पडला होता. रांगेतून बौद्धवाड्यातला पाचवीतला एक पोरगा निघाला, त्याच्या मागं दुसरा. मुख्याध्यापकांनी घाईघाईनं घंटा वाजवायला सांगितली.

सर आमच्या वर्गात आले, टेबलावर पुस्तक ठेवलं. कौसल्या उभी राहिली. तिला काहीतरी म्हणायचं होतं.

"बस," सर म्हणाले. "आभाराचे शब्द असले तर आधी चूळ भर."

ती बसली. पुढं कधी कोणी तो विषय काढला नाही.

कौसल्या परीक्षेला बसली. लग्न पुढं गेलं. संस्थेनं अर्थातच पुढच्या वर्षासाठी सरांना ठेवलं नाही. माफी लिहितानाच त्यांना ते माहीत असणार. नाना कागद वाचून विसरणाऱ्यांतले नव्हते.

एप्रिलमध्ये एका सकाळी ते गेले. पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, आणि अंगात तोच काळा कोट. आमचा जवळजवळ सगळा वर्ग एसटीच्या थांब्यावर जमला. सुधाकरनं झेंडूचा हार आणला होता. सरांनी हाराकडं अशा नजरेनं पाहिलं की त्यानं तो पाठीमागं धरला. गाडी आली. ट्रंक टपावर चढली, सर खिडकीशी बसले. आम्ही खिडकीखाली गर्दी केली. वाटलं, आता तरी दोन शब्द बोलतील.

त्यांनी डोकं बाहेर काढलं. "रांजण कोण भरतं हल्ली?"

"आमीच भरतो ना, सर," सुधाकर छाती काढून म्हणाला. "सबन वर्ग."

"वर्गातले पोरं किती, पोरी किती?"

सुधाकरनं कौसल्याकडं पाहिलं, कौसल्यानं माझ्याकडं. किसननं काम सोडल्यापासून विहिरीवरून त्या रांजणाला घागरी वाहत होतो त्या आम्ही दोघीच. पोरांना ते दिसलं नव्हतं यात नवल नाही. आम्हांलाही ते दिसलं नव्हतं.

कंडक्टरनं घंटी मारली. सरांनी हात हलवला नाही. नाकपुडी वर उचललेली, मान मागं वळवून, दिसेनासे होईतो ते सुधाकरकडं बघत होते. आणि सुधाकर, तो हार आता कुठं ठेवावा हे न कळून, रस्त्याच्या मधोमध उभा होता.